पदकानंतर दोन कोटी, पदकाआधी डबाभर छर्ऱ्यांचीही मारामार! ग्रामीण नेमबाजीचं गणित नेमकं अडतं कुठं?

शेलूबाजार : १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्याच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदकाचा मानकरी ठरला. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्तीत कांस्य आणलं होतं. त्यानंतर तब्बल ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला ऑलिम्पिकचं वैयक्तिक पदक मिळालं. गावोगावी फटाके फुटले, बॅनर लागले. शासनाने बक्षीस जाहीर केलं आणि पुढे कांस्यपदकासाठी दोन कोटींचं धोरण आलं. ही रक्कम इतर राज्यांच्या मानाने कमी आहे, यावरूनही वाद झाला.

त्या वादात एक प्रश्न मात्र बाजूला राहिला. पदक आल्यावर दोन कोटी द्यायचे की पाच, यावर सगळे बोलले. पण पदकाच्या आधीची दहा-बारा वर्षं पोरगा सराव कशावर करतो? त्याच्या गोळ्यांचा खर्च कोण देतं? स्वप्नीलचे वडील शिक्षक. त्यांनी मुलाच्या खेळासाठी कर्ज काढलं होतं, हे पदकानंतर सगळ्यांनी वाचलं. ज्या घरात महिन्याला ठरलेला पगार येतो त्या घराची ही गत असेल, तर पाच एकर कोरडवाहू सोयाबीन असलेल्या घराचं काय?

शेलूबाजार, मंगरूळपीर, मानोरा, कारंजा या आपल्या पट्ट्यात पहाटे रस्त्यावर पोलीस भरती आणि सैन्य भरतीसाठी धावणारी पोरं-पोरी रोज दिसतात. खेळ म्हणजे नोकरीचा रस्ता, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. त्यामुळे नेमबाजी हा काही फक्त पुण्या-मुंबईचा विषय नाही, तो आपलाही आहे.

दुसऱ्या खेळात चेंडू परत येतो, इथं नाही

कबड्डीला मैदान लागतं. कुस्तीला माती लागते. क्रिकेटचा चेंडू आठवडाभर तरी टिकतो. नेमबाजीत मात्र प्रत्येक नेम म्हणजे खर्च. छर्रा सुटला की गेला, तो पुन्हा वापरता येत नाही.

१० मीटर एअर रायफलच्या एका सामन्यात ६० नेम मोजले जातात. त्याआधीचे सरावाचे नेम वेगळे. लक्ष्यावर दहा गुणांचा जो मधला ठिपका असतो, त्याचा व्यास अर्धा मिलिमीटर असतो. दहा मीटरवरून, उभं राहून, तो ठिपका पुन्हा पुन्हा टिपायचा तर हात, श्वास आणि डोळा एका लयीत यावे लागतात. ती लय रोज शंभर नेम मारल्याशिवाय बसत नाही.

आता साधा हिशेब करू. रोज १०० नेम, महिन्यात २५ दिवस सराव, म्हणजे महिन्याला २,५०० छर्रे. सामन्याच्या दर्जाच्या छर्ऱ्यांचा डबा साधारण ५०० चा येतो. म्हणजे एका पोराला महिन्याला पाच डबे. डब्याचा भाव कंपनीनुसार बदलतो. हिशेबापुरता एक हजार धरला, तरी महिन्याचे पाच हजार झाले.

सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव आहे क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे एका पोराच्या महिनाभराच्या छर्ऱ्यांसाठी जवळपास एक क्विंटल सोयाबीन गेलं. तेही हमीभाव हातात पडला तर. बाजारात सोयाबीन हमीभावाच्या खाली विकावं लागलं की काय होतं, हे इथल्या शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. वर्षाला बारा क्विंटल सोयाबीन नुसतं छर्ऱ्यांत घालवणारं घर आपल्या तालुक्यात किती सापडेल?

मग काय होतं? पोरगा छर्रे मोजून मारायला लागतो. शंभराचे चाळीस होतात, चाळीसचे वीस. प्रशिक्षक सांगतो, आज नुसतं होल्डिंग कर, म्हणजे रायफल धरून उभा राहा आणि छर्रा न घालता ट्रिगर दाब. हा सराव चांगलाच आहे. ऑलिम्पिकचे खेळाडूही तो करतात. पण ते निवडून करतात, आपली पोरं डबा रिकामा म्हणून करतात. सामन्याच्या दिवशी पहिल्यांदाच सलग साठ नेम मारायची वेळ आली की चाळिसाव्या नेमाला खांदा उतरतो. गुणपत्रिकेवर त्याचं कारण कुठंच लिहिलेलं नसतं. लोक म्हणतात, 'पोराला प्रेशर झेपलं नाही.'

छर्रा वेगळा, काडतूस वेगळं

इथं एक फरक नीट समजून घेतला पाहिजे, कारण मदत करायची म्हणणारे नेमके इथंच चुकतात.

१० मीटर प्रकारात हवेच्या दाबावर चालणारी रायफल किंवा पिस्तूल असतं आणि त्यात ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा वापरतात. ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ताकद असलेल्या एअरगनला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. स्पर्धेची एअर रायफल या मर्यादेच्या बरीच खाली असते.

२५ आणि ५० मीटर प्रकारांत मात्र 'पॉइंट टू-टू'चं खरं काडतूस लागतं. स्वप्नीलचा प्रकार हाच. इथं शस्त्र कायदा लागू होतो. परवाना नसलेल्या माणसाला काडतूस विकत घेता येत नाही, बाळगता येत नाही आणि दानही करता येत नाही. एखादा उत्साही पुढारी म्हणाला, 'मी पोरांना दोन हजार गोळ्या देतो,' तर टाळ्या पडतील. पण त्या गोळ्या परवानाधारक क्लब किंवा परवानाधारक खेळाडूच्या नावावर, ठरवून दिलेल्या मर्यादेतच घ्याव्या लागतील. एनसीसीत गेलेल्यांना हे माहीत आहे. कॅम्पमध्ये हातात मोजून काडतुसं मिळतात आणि फायरिंग झाल्यावर रिकामी टरफलंही मोजून परत द्यावी लागतात.

थोडक्यात, गावाला सरळ मदत करता येईल ती छर्ऱ्यांची. काडतुसांसाठी द्यायचा असेल तर पैसा द्यावा, आणि तोही संस्थेमार्फत.

कारखाने आपल्याकडे, गोळी मात्र परदेशातून

महाराष्ट्र हा दारूगोळ्याचा जुना प्रांत आहे. पुण्याजवळ खडकीचा कारखाना इंग्रजांच्या काळापासून चालू आहे. जळगाव जिल्ह्यात वरणगाव, भंडाऱ्यात जवाहरनगर, चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावती, हे सगळे सरकारी कारखाने इथलेच. ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्डाचे १ ऑक्टोबर २०२१ पासून सात भाग झाले. त्यातल्या दारूगोळा बनवणाऱ्या म्युनिशन्स इंडिया कंपनीचं मुख्यालयही पुण्यातच आहे.

तरीही वरच्या दर्जाच्या नेमबाजाच्या पेटीत उघडून बघा. ब्रिटनची एली, जर्मनीची आरडब्ल्यूएस, फिनलंडची लापुआ अशी नावं दिसतील. कारण सोपं आहे. ५० मीटरवर गोळी मिलिमीटरच्या हिशेबाने त्याच जागी पडायला हवी असेल, तर प्रत्येक काडतुसात दारू, शिसं आणि बार अगदी एकसारखा असावा लागतो. चांगला नेमबाज तर एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या लॉटची काडतुसं स्वतःच्या रायफलमधून तपासतो आणि जो लॉट जमेल तोच वर्षभरासाठी घेतो. सैन्यासाठी लाखोंनी गोळ्या काढणं हे एक काम आणि स्पर्धेसाठी एकसारख्या गोळ्या काढणं हे दुसरं. या दुसऱ्या कामाला गिऱ्हाईक थोडं, म्हणून आपल्याकडे त्यात कुणी मनापासून उतरलं नाही.

परदेशावर अवलंबून राहिलं की तिकडच्या अडचणी इकडे येतात. कोरोनाच्या काळात आयात रखडली आणि रेंजही बंद होत्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्ध सुरू झालं आणि युरोपातल्या कारखान्यांकडे सैन्याच्या ऑर्डरी वाढल्या. बंदुकीच्या दारूला लागणाऱ्या कच्च्या मालाची ओढाताण झाली. माल उशिरा येणं, भाव चढणं, रुपया घसरला की आणखी महाग पडणं, हे सगळं ओघाने आलंच. मोठा खेळाडू यातून कसाबसा निभावतो, कारण राष्ट्रीय संघात असेल तर संघटना आणि सरकार त्याचं बघतं. झळ बसते ती राष्ट्रीय संघाच्या दारात पोहोचण्याआधीच्या पोरांना. साठा कमी असला की वाटा आधी वरच्यांना मिळतो. खाली उरलं तर उरलं.

अमेरिकेसारख्या बंदुकांच्या देशातही २०२० नंतर दुकानांची कपाटं रिकामी झाली आणि शाळकरी पोरांच्या नेमबाजी संघांना सराव कमी करावा लागला. तिथं अशा संघांसाठी देणग्यांमधून कायमस्वरूपी निधी उभारणाऱ्या संस्था आहेत. देणगीची मुद्दल मोडायची नाही, दरवर्षी त्यावरचा ठरावीक हिस्सा संघाला द्यायचा, अशी पद्धत. त्यामुळे एखादं वर्ष वाईट गेलं तरी संघ बंद पडत नाही. बंदुकीबाबतचं त्यांचं धोरण आपण घ्यावं असं नाही. पण गंगाजळीची ही पद्धत आपल्या गावच्या शाळेलाही कळेल अशी आहे.

मग आपल्या पोरांनी काय करायचं?

पॅरिसमध्ये भारताला नेमबाजीत तीन पदकं मिळाली. त्यातली दोन, म्हणजे मनू भाकरचं वैयक्तिक आणि मनू-सरबज्योत सिंग जोडीचं मिश्र सांघिक, ही १० मीटर एअर पिस्तूलमधली आहेत. २००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्राने सुवर्ण जिंकलं ते १० मीटर एअर रायफलमध्ये. २०२२ मध्ये कैरोला ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील विश्वविजेता झाला तोही याच प्रकारात. म्हणजे ज्या प्रकाराला परवाना लागत नाही, काडतूस लागत नाही, त्याच प्रकारात देशाने सर्वोच्च यश मिळवलं आहे.

आपल्या भागासाठी यात मोठी गोष्ट दडलेली आहे. ५० मीटरची रेंज बांधायची तर जागा, भिंती, परवानग्या आणि मोठा खर्च लागतो. १० मीटरला एक लांबट हॉल पुरतो. मागे छर्रे अडवणारी भक्कम आडोशाची व्यवस्था, बाजूने कुणी मध्ये येणार नाही अशी बंद दारं, चांगला उजेड आणि दोरीवर मागे-पुढे सरकणारे कागदी लक्ष्य, एवढ्यावर सुरुवात होते. इलेक्ट्रॉनिक लक्ष्य नंतर बघता येईल. शाळेचा रिकामा हॉल किंवा वापरात नसलेलं गोदामही चालू शकतं. फक्त प्रशिक्षक जाणता हवा आणि सुरक्षेच्या नियमात एक पैशाची सूट नको.

शालेय क्रीडा स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत रायफल शूटिंग आहे. जिल्हा, मग अमरावती विभाग, मग राज्य असा रस्ता आहे. साध्या ओपन साइट एअर रायफलचाही गट असतो. त्याला परदेशी दोन-अडीच लाखांची रायफल लागत नाही. शालेय मार्गाबाहेर राज्य स्पर्धा आणि त्यापुढे राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची मावळंकर स्पर्धा आहे. ज्यांच्या नावाने ती भरते ते गणेश वासुदेव मावळंकर म्हणजे लोकसभेचे पहिले अध्यक्ष. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचेही ते पहिले अध्यक्ष होते. मराठी माणसाने पाया घातलेला हा खेळ आहे.

आणि नोकरीचं म्हणाल तर स्वप्नील रेल्वेत लागला तो खेळाडू म्हणूनच. कोल्हापूरची राही सरनोबत उपजिल्हाधिकारी झाली. राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. पदक आणि प्रमाणपत्र नियमात बसणारं हवं, एवढंच.

योजना आहेत, पण छर्ऱ्याला कुठल्या रकान्यात बसवायचं?

सरकार काहीच करत नाही असं म्हणणं खोटं ठरेल. क्रीडा प्रबोधिनी आहे, स्वप्नील तिथूनच घडला. खेलो इंडियात निवड झालेल्या खेळाडूला महिन्याला दहा हजारांचा भत्ता मिळतो. त्याही वर 'टॉप्स' योजना आहे. पण या सगळ्याची अट एकच, आधी निवड होऊ द्या. आणि निवड व्हायला जे नेम मारावे लागतात, त्यांचे छर्रे कुणी द्यायचे, याचं उत्तर नाही.

तालुका पातळीवरच्या योजनांचा कल बांधकाम आणि साहित्याकडे असतो. व्यायामशाळा, मैदान, कुंपण. भिंत उभी राहिली की फोटो निघतो, बिल निघतं. छर्रा संपणारी वस्तू आहे. त्याचं उद्घाटन होत नाही. म्हणून रायफल मिळते आणि ती कपाटात पडून राहते, असं होऊ शकतं. पाणी नसलेल्या गावात नळ बसवण्यासारखंच हे झालं.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचा मार्गही आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यात ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकामावर खर्च करावी लागते आणि त्या यादीत ग्रामीण खेळ तसंच ऑलिम्पिक खेळांचं प्रशिक्षण स्पष्ट लिहिलेलं आहे. वाशिम हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतला जिल्हा. आरोग्य आणि शिक्षणासाठी या यादीचा दाखला दिला जातो, तसा तो खेळासाठी का दिला जाऊ नये?

वर्गणी आपल्याला नवी नाही

खाशाबा जाधव हेलसिंकीला गेले ते सरकारच्या पैशावर नव्हे. लोकांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. महाराष्ट्राचं पहिलं ऑलिम्पिक पदक असं आलं आहे.

आपल्याकडे गणपती, शंकरपट, कुस्त्या, कबड्डीचे सामने यांना वर्गणी निघतेच. पहिलं बक्षीस अमुक हजार, दुसरं तमुक हजार, प्रत्येकासमोर दात्याचं नाव. यात वाईट काही नाही. पण हा पैसा एका रात्रीत संपतो. त्यातलं एखादं बक्षीस 'वर्षभराचे छर्रे' म्हणून दिलं तर?

दहा पोरांचं छोटं केंद्र धरू. सुरुवातीला रोज ४० नेम, २५ दिवस. महिन्याला १०,००० छर्रे म्हणजे २० डबे. वरच्याच भावाने महिन्याला वीस हजार, वर्षाला दोन लाख चाळीस हजार. देशी, स्वस्त छर्ऱ्यांवर सुरुवात केली तर खर्च आणखी खाली येतो. शेलूबाजारसारख्या बाजारपेठेच्या गावाला, समृद्धी महामार्गाचा इंटरचेंज असलेल्या गावाला, ही रक्कम जमणार नाही असं नाही.

फक्त मदत करताना चार गोष्टी पाळाव्या लागतील.

एक, विचारून द्या. प्रत्येक रायफलला वेगळा छर्रा जमतो. दहा जणांनी दहा कंपन्यांचे डबे आणून दिले तर निम्मे निरुपयोगी ठरतात. पैसे एकत्र करून एकाच लॉटचा माल वर्षातून दोनदा घेतलेला बरा. डबा पडला, छर्रा चेमटला तरी तो वाया जातो, तेव्हा साठवणंही नीट हवं. शिशाला हात लागलेला असतो, म्हणून सरावानंतर साबणाने हात धुण्याची शिस्त पहिल्या दिवसापासून लावा.

दोन, हिशेब उघडा ठेवा. पैसे शाळेच्या किंवा नोंदणीकृत संस्थेच्या खात्यावर. कुणाच्या खासगी मोबाईल नंबरवर नको. डबे किती आले, कुणाला किती छर्रे दिले, याची वही भिंतीला टांगलेली असावी. ज्याला वाटेल त्याने वाचावी.

तीन, वाटा सरांच्या लाडक्याला नको. तंगी आली की आधी कात्री लागते ती नवख्यांना आणि पोरींना. हा महाराष्ट्र अंजली भागवतचा, सुमा शिरूरचा आहे. २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झालेल्या तेजस्विनी सावंतचा आहे. पोरींचे छर्रे कापण्याआधी ही नावं आठवावीत.

चार, एका वर्षाचं वचन नको, चार वर्षांचं हवं. नेमबाज सहा महिन्यांत तयार होत नाही. स्वप्नील २००९ मध्ये क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि पदक २०२४ मध्ये आलं. मधल्या पंधरा वर्षांत एखादं वर्ष जरी डबा रिकामा राहिला असता, तर?

आता बोलायचं कुणी?

शाळा-कॉलेजचे क्रीडा शिक्षक, ग्रामपंचायत, बाजारपेठेतले व्यापारी आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय यांनी एकदा एकत्र बसावं, इतकीच सुरुवात पुरेशी आहे. कार्यालयाने साहित्याच्या मागणीत छर्ऱ्यांसाठी स्वतंत्र तरतूद मागावी. लोकप्रतिनिधींनी जिल्हा नियोजन समितीत हा विषय एकदा तरी काढावा. आणि गावाने पुढच्या वर्गणीत एक रकाना वाढवावा.

पुढचा स्वप्नील आपल्या तालुक्यात जन्मला असेलही, नसेलही. ते कुणी सांगू शकत नाही. पण तो असेल आणि दिवसाला वीस छर्रे मोजून मारत असेल, तर तो कधीच कुणाला दिसणार नाही. मग बॅनर लावायला आपण मोकळेच आहोत, पण त्यावर फोटो दुसऱ्या जिल्ह्याच्या पोराचा असेल.